पाईकराव मॅडमचा आडवा वर्ग

वारंगा फाट्याच्या आमच्या शाळेत पाईकराव मॅडम खेळाच्या शिक्षिका होत्या, आणि त्या जाड होत्या. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण आडून बोललेलं त्यांना खपत नसे. कुणी 'भरल्या अंगाच्या' म्हणालं, 'प्रकृतीनं जरा' म्हणून वाक्य अर्धं सोडलं, की त्या मध्येच तोडत. मलाही एकदा तोडलं. "जाड म्हण की. लाजून काहून राहिलीस? जाड मी हाय, तू न्हाईस."

मी काटकुळी, त्यामुळे लाजायचा हक्क मला तसाही नव्हता. मी तिथं मराठी शिकवायला रुजू झाले तेव्हा हिंगोली जिल्हा वेगळा झालेला नव्हता, शाळेचे सगळे कागद परभणीला जात. फाट्यावर चहाची हॉटेलं, पंक्चरवाले, ट्रकांची रांग आणि रस्त्यापासून थोडी आत आमची शाळा. पहिल्याच आठवड्यात तपासणीला परभणीहून साहेब आले. मैदानावर मुलींची कबड्डी चालली होती. साहेबांनी चौफेर नजर फिरवली आणि खेळाचे शिक्षक दिसत नाहीत कुठे, असं हेडमास्तरांना विचारलं. मॅडम त्यांच्यापासून हातभर अंतरावर शिट्टी घेऊन उभ्या होत्या.

"एवढी मोठी हाय मी, तरी दिसंना का साहेब?" त्या म्हणाल्या आणि शिट्टी फुंकून डाव पुढे सुरू केला. हेडमास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं ते कळलं नाही, पण त्या वर्षी आमच्या मुली तालुक्याला पहिल्या आल्या.

शुद्ध मराठी त्यांना उत्तम येत असे. वर्गात पुस्तक वाचून दाखवायची वेळ आली तर आकाशवाणीवर असल्यासारखं वाचत. पण बोलताना मात्र घरचीच भाषा, मग समोर साहेब असोत की संस्थेचे सचिव. मी मराठीची शिक्षिका म्हणून सुरुवातीला माझ्या कपाळावर आठी पडली असेल, ती त्यांनी पाहिली असेल, आणि त्यानंतर माझ्याशी त्या मुद्दाम आणखी ठसक्यात बोलू लागल्या. मला ते आवडू लागलं, हे कबूल करायला मला काही वर्षं लागली.

शाळेत एकदा आरोग्य तपासणीचं शिबिर भरलं. तरुण डॉक्टर, नुकताच शिकून आलेला. शिक्षकांचं बीपी तपासायला बसला. मॅडमच्या दंडाला त्यानं पट्टा गुंडाळला, हवा भरली, आणि पट्टा टर्र करून उघडला. पुन्हा गुंडाळला, पुन्हा उघडला. मागे रांगेतले मास्तर खुसुखुसु हसायला लागले. डॉक्टर ओशाळून म्हणाला, मॅडम, तुमचा हात फारच जाड आहे.

"दंड माझ्या मापाचा हाय," मॅडम म्हणाल्या. "पट्टा तुमचा छोटा हाय."

हसणं थांबलं. त्यानं मग पट्टा हातानं दाबून धरला, कसाबसा आकडा काढला आणि घाबरून गोळ्या लिहून दिल्या. मॅडमनी चिठ्ठी घेतली, पण आकडा मानला नाही. सुट्टीच्या दिवशी नांदेडला गेल्या. तिथं एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या, त्यांच्या कपाटात मोठा पट्टा होता. त्यांनी सांगितलं की मोठ्या दंडाला छोटा पट्टा आवळला तर बीपी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पण मोठ्या पट्ट्यानंही मॅडमचं बीपी जास्तच निघालं. सोमवारी स्टाफरूममध्ये त्यांनी स्वतःच जाहीर केलं, "पोरगं चुकलं व्हतं, पण पुरतं चुकलं नव्हतं." तेव्हापासून मोठ्या मापाचा एक पट्टा त्यांच्या पर्समध्ये कायम असे. दवाखान्यात कुणाच्याही सोबतीला गेल्या की आधी तो काढून टेबलावर ठेवत.

त्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना आणखी एक गोष्ट समजावली होती, ती मॅडमनी मला शाळेच्या पायरीवर बसून सांगितली. रक्ताच्या नसा रबरी पाइपासारख्या असतात, नव्या असताना रक्त आलं की फुगतात आणि परत बसतात. जाड बाईच्या नसा लवकर कडक होतात, वावरात उन्हात पडून राहिलेल्या पाइपासारख्या. मग दाब वाढतो, आणि एक दिवस कुठंतरी फुटतं नाहीतर तुंबतं. नेमानं व्यायाम केला तर तो कडकपणा कमी होऊ शकतो, मग वजन उतरो की न उतरो.

हे सांगताना त्या पहिल्यांदा आईबद्दल बोलल्या. आई पुसेगावची, अशीच जाड. केस पिकायच्या आत अंगणात पडली, उजवी बाजू गेली. मग कित्येक वर्षं बाजेवर. मॅडमनी तिला चमच्यानं पेज भरवली, कूस बदलून दिली, धुतलं, पुसलं. "लोक म्हणायचे, खाऊन खाऊन असं झालं. माय एक भाकर खायची आन् दिवसभर दुसऱ्याच्या वावरात राबायची," त्या म्हणाल्या. "मला मरायचं भेव न्हाई. कुणी माझ्या तोंडाशी चमचा आणला न्हाई पायजे, बस." एवढी दणकट बाई, पण हे बोलताना त्यांचा आवाज खाली गेला. मला त्या दिवशी त्यांची भीती कळली आणि त्यांच्या चालण्याबोलण्यातला अर्धा ताठा कुठून येतो तेही कळलं.

फाट्यावर बाईमाणसानं व्यायाम करायची सोय नव्हती. सकाळी चालायला जायचं तरी हातात फुलांची परडी नाहीतर दुधाची बरणी लागे, म्हणजे ही कामाला निघाली आहे असं दिसावं. नुसत्या मोकळ्या हातानं चालणारी बाई लोकांना बघवत नसे. मॅडम मोकळ्या हातानं चालत, पण त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते. तेव्हा त्यांच्या पुण्याच्या भाचीनं एक सीडी पाठवली. ती तिथं व्यायाम शिकवणाऱ्या एका केंद्रात नोकरीला होती. या प्रकाराला पिलाटीज म्हणतात, मावशी, गुडघ्यावर भार येत नाही, सगळं आडवं पडून करायचं, असं तिनं फोनवर सांगितलं.

आम्ही दोघींनी ती सीडी मॅडमच्या घरी खिडक्या लावून पाहिली. पडद्यावर एक गोरी बाई, अंगाला चिकटलेले कपडे, पाठीवर पडून पाय उचलते, श्वास सोडते, पोट आत ओढते, मणका मणका करून उठते. सगळं इतकं सावकाश की मला वाटलं सीडी अडकली. मॅडम मात्र टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसल्या होत्या. थोड्या वेळानं चटईवर आडव्या झाल्या, एक पाय वर केला आणि थरथरत तिथंच धरून ठेवला. पाय खाली आणल्यावर घामाघूम होऊन म्हणाल्या की ही बाई दिसते तेवढी साधी नाही.

काही महिने त्या एकट्याच करत राहिल्या. पुण्याला जाऊन भाचीकडून चुका काढून घेऊन आल्या. मग शाळेचा हॉल सकाळी उघडायची हेडमास्तरांची परवानगी मिळवली आणि फाट्यावरच्या जाड बायकांना बोलावलं. बोलावणंही त्यांच्याच रीतीचं. बारीक व्हायचं असेल तर येऊ नका, नसा नरम ठेवायच्या असतील तर या.

बायका आल्या. तांड्यावरून फाट्यावर दूध घालणारी शेवंताबाई राठोड आली. दंडापर्यंत बांगड्या, हात वर-खाली केला की सगळ्या एकदम वाजत, आणि वर्गाला आपोआप ताल मिळे. मोठ्या घरांतल्या बायका आल्या. खुद्द आमच्या संस्थेच्या सचिवांच्या पत्नी आल्या, त्यांना सगळे काकू म्हणत. त्यांचे पाय संध्याकाळी इतके सुजत की जोडवी रुतत.

अडचण लुगड्याची झाली. आडवं पडून पाय वर केला की लुगडं गुडघ्यावरून खाली घसरे, आणि बायका एका हातानं व्यायाम आणि दुसऱ्या हातानं निऱ्या धरत. पंजाबी ड्रेस घालायची त्या वयात कुणाची छाती नव्हती. मॅडमनी तोड काढली. आतून मालकाचा पायजमा घाला. नाडीचा असतो, कुठल्याही कमरेला बसतो. दुसऱ्या दिवसापासून फाट्यावरच्या बऱ्याच घरांत सकाळी आंघोळीनंतर पुरुष पायजमा शोधत फिरू लागले आणि तो शाळेच्या हॉलमध्ये पाय वर करून असे. मी कोपऱ्यात बसून हे बघत असे आणि हसून हसून माझं पोट दुखे. मग मॅडम मलाही आडवं पाडत.

काही बायका महिनाभरानं बसस्टँडवरच्या काट्यावर वजन करून आल्या आणि नाराज झाल्या. काटा तिथंच होता. मॅडम भडकल्या. काटा मांस मोजतो, नस मोजत नाही, असं त्यांनी बजावलं आणि त्यानंतर वर्गात वजनाचा शब्द काढायचा नाही असा दंडकच घातला. आपलं अंग म्हणजे कुणाला तरी भरून द्यायचा दंड आहे, असं समजून त्या बायका आयुष्यभर जगल्या होत्या. तिथं त्यांना पहिल्यांदा कुणी सांगत होतं की अंग तुझं आहे, ते आतून कसं चाललंय ते बघ. कुणाला जिना चढताना कमी धाप लागली, कुणाची झोप सुधारली. काकूंच्या बीपीच्या गोळ्या नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी अर्ध्या केल्या.

मग बोभाटा झाला. गावानं नाव ठेवलं, आडवा वर्ग. सचिवांनी मॅडमना कार्यालयात बोलावलं. मी तेव्हा तिथं हजेरीचं काम करत होते. शाळा म्हणजे विद्येचं मंदिर, तिथं बायांनी पाय वर करून पडावं हे शोभतं का, असं त्यांचं म्हणणं. आपली बायकोही तिथं जाते हे त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

"साहेब, तुमाला उभ्या बायकांची सवय हाय," मॅडम म्हणाल्या. "ओट्यापुढं उभ्या, पंगतीत वाढायला उभ्या. घडीभर आपल्यासाठी आडव्या झाल्या तर तकलीफ कुणाला व्हऊन राहिली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलला कुलूप होतं. बायका सतरंज्यांच्या गुंडाळ्या काखेत घेऊन कुलपाकडे बघत उभ्या होत्या. मॅडम आल्या, त्यांनी कुलूप पाहिलं, गळ्यातली शिट्टी फुंकली आणि चला म्हणाल्या. पुढे त्या आणि मागे सगळ्या, हायवे ओलांडून बौद्ध वस्तीत. तिथल्या विहाराची फरशी थंड आणि गुळगुळीत होती. वस्तीतल्या वडीलधाऱ्या बायकांना त्यांनी आदल्या रात्रीच विचारून ठेवलं होतं. त्यांची अट एवढीच की मूर्तीकडे पाय करायचे नाहीत.

विहाराच्या दाराशी रांग तुटली. मोठ्या घरांतल्या बायका रस्त्यातच थांबल्या. कुणी चप्पल काढायला वाकली आणि तशीच सरळ झाली. एकीनं विचारलं की बाहेर ओट्यावर केलं तर चालणार नाही का. कारण कुणी बोललं नाही, बोलायची गरजही नव्हती. पुन्हा पुन्हा 'आमचं काही नाही, पण घरचे' एवढंच. माझ्या डोक्यात संताप चढला होता. मला वाटलं आता मॅडम यांना चांगल्या सोलतील.

मॅडमनी आवाजसुद्धा चढवला नाही. "आत फरशी हाय, वारं हाय. सहाला श्वास सुरू व्हतो. यायचं त्यानं यावं." एवढं बोलून त्या आत गेल्या. शेवंताबाई बांगड्या वाजवत पाठोपाठ गेली. आणखी चार-दोन गेल्या, वस्तीतल्या बायका येऊन बसल्या. बाकीच्या सतरंज्या परत घरी गेल्या, त्यांत काकूंचीही होती.

मूर्तीकडे डोकं म्हणजे दाराकडे पाय. त्यामुळे रस्त्यानं जाणाऱ्याला आधी भेगाळलेल्या तळपायांची रांगच दिसे, मग बायका. दार लावून घेऊ या, असं मी सुचवलं. मॅडम म्हणाल्या, उघडंच राहू दे, बघणाऱ्याला बघायचं काय ते नीट दिसू दे. पंधरवड्यात लोक बघायचे थांबले. आणि एका सकाळी काकू आल्या. दाराशी चप्पल काढली, पिशवीतून सचिवांचा पायजमा काढला, आतल्या खोलीत जाऊन घालून आल्या आणि शेवंताबाईच्या शेजारी आडव्या झाल्या. मॅडम त्यांना उशिरा आल्याबद्दल बोलल्या, बाकी काही नाही. व्यायामानंतर तहान लागल्यावर काकूंनी इकडंतिकडं पाहिलं आणि विहाराच्या माठातलं पाणी ओंजळीनं प्यायल्या. हळूहळू बाकीच्याही आल्या. सगळ्या नाही.

हे असं चार-पाच वर्षं चाललं. आणि मग एका सकाळी स्वयंपाकघरात डबे भरताना पाईकराव मॅडम पडल्या. उजवी बाजू गेली.

त्यांचे मिस्टर वीजमंडळात लाइनमन, अबोल माणूस. त्यांनी जीप करून नांदेडला नेलं. फाट्यावर संध्याकाळपर्यंत दुसरीच चर्चा. एवढे पाय वर करून काय मिळालं? त्या आडव्या वर्गानंच नस फुटली. सासवांनी, नवऱ्यांनी घराघरांत ठणकावलं, आणि आठवड्यात विहारात येणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या की आईकडून आलेलं आणि बरीच वर्षं अंगात मुरलेलं बीपी होतं, व्यायाम म्हणजे काही ताईत नव्हे. पण मॅडम इतक्या लवकर उठून बसल्या ते पोटापाठीच्या ताकदीवर. हे मी फाट्यावर चारचौघांत सांगून पाहिलं. कुणी ऐकलं नाही.

मी भेटायला गेले तेव्हा मिस्टर चमच्यानं वरण-भात भरवायला बसले होते. डोळ्यांत पाणी, हातात वाटी. मॅडमनी तोंड घट्ट मिटलेलं. डाव्या हातानं त्यांनी वाटी ओढून घेतली, अर्धं चादरीवर सांडलं, अर्धं खाल्लं. कुणी पुसायला गेलं तर तोही हात बाजूला केला. शेवंताबाई माझ्यासोबत होती. मी वर्गाचा विषय टाळत होते, तिनं सरळ सांगून टाकलं, मॅडम, बाया भेल्या, तुमी पडल्यात तर वर्ग बी पडून राहिला. मी तिला डोळ्यांनी दटावलं.

मॅडम बराच वेळ बोलण्यासाठी जिभेशी झगडत राहिल्या. "मी येते," त्या म्हणाल्या. "तोवर तू... मोज." शेवंताबाईनं मान हलवली. तिला शंभराच्या पुढे मोजता येत नव्हतं, पण वर्गात कधी तेवढं लागलंच नाही. ती रोज येऊन मोजू लागली. कधी तिघी, कधी दोघी.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या यजमानांची बदली औरंगाबादला झाली आणि मी शाळा सोडली. सामान ट्रकमध्ये चढत होतं त्या सकाळी मी विहारात शेवटची चक्कर टाकायला गेले. पाच-सहा बायका होत्या. काकूही होत्या, घरी भांडून आलेल्या. शेवंताबाईचं मोजणं सुरू व्हायच्या बेतात होतं, तेवढ्यात दाराशी रिक्षा थांबली. मॅडम उतरल्या. डाव्या हातात काठी, उजवा पाय घासत. मिस्टर मागून धरायला आले तर त्यांना दाराशीच उभं केलं.

भिंतीला धरून त्या खाली बसायला लागल्या तेव्हा आम्ही सगळ्या धावलो. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि आम्ही जिथल्या तिथं थांबलो. त्या आडव्या झाल्या. शेवंताबाई मोजत होती, मॅडमचा डावा पाय आकड्याला वर जाई, उजवा नुसता हलल्यासारखा. त्या सगळ्यांच्या मागून करत होत्या, पण सोडत नव्हत्या.

वर्ग संपला, सगळ्या उठून बसल्या. मॅडम पडलेल्याच. काकूंनी हात पुढे केला, मॅडमनी त्या हाताकडे असं पाहिलं की काकूंनी तो मागे घेतला. मग त्या डाव्या कुशीवर वळल्या. कोपर टेकवला. घसरला. पुन्हा टेकवला. बाहेर हायवेवर ट्रक जात होते, आणि आत कुणी श्वास सोडत नव्हतं, जे त्या वर्गात कधी चालत नसे. मिस्टरांनी एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला होता, तो त्यांनी परत बाहेर घेतला. गुडघा आला, मग भिंत, मग काठी. माझे डोळे भरून आले होते आणि मला ते पुसायचं भान नव्हतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक, माझा ट्रक तिकडे हॉर्न देत होता.

त्या उभ्या राहिल्या. डाव्या हातानं पदर सारखा केला, दम खाल्ला आणि एकेक शब्द जिभेवरून उचलून बाहेर ठेवल्यासारखा बोलल्या.

"काकू. कंबर... टेकत न्हाई तुमची. पुन्ना करा."

सचिवांच्या पत्नी मुकाट्यानं परत आडव्या झाल्या.